बर्फातली कोलंबी

सूर्य बुडाला, आणि पश्चिमेच्या विस्तीर्ण भाळावर असा काही रक्तिमा पसरला, की सकल विश्वाच्या शोकाला विधात्याने हाच एक रंग नेमून दिला असावा. तोच रंग चांगुणेच्या टोपातही उकळत होता. तिथे तो अर्धा किलो टोमॅटोंनी आणला होता.

खाडी निःशब्द होती. ओहोटीने उघडा पडलेला चिखल. काळा, ओला, उदास. त्या चिखलात एका होडीएवढी रिकामी जागा.

काल सकाळपर्यंत तिथे धर्मा नाखव्याची होडी कलंडून उभी होती. कुजली होती, पण होती. जन्मभर लाटांवर नाचलेली ती तरंगविहारिणी अखेरच्या प्रवासाला भंगारवाल्याच्या टेम्पोतून गेली. टेम्पोच्या पाठीवर लिहिले होते, हॉर्न ओके प्लीज. कुणी हॉर्न वाजवला नाही.

तेव्हापासून नाखवा ओटीवर बसून होता. जेवला नव्हता.

आणि त्याची चांगुणा, हरितकंकणा, मत्स्यगंधा चांगुणा, जिने उभा जन्म बाजारातल्या ओट्यावर बसून नवऱ्याची मासळी विकली, ती आज त्याच ओट्यासमोर गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली आणि बर्फातली कोलंबी घेऊन आली. भाव केला नाही. भाव करायला आवाज लागतो.

नाखव्याचा नेम साऱ्या कोळीवाड्याला ठाऊक होता. विकतच्या मासळीला तो शिवत नसे. सोयऱ्यांच्या लग्नातसुद्धा ताटावरून उठे आणि घरी येऊन जेवे.

म्हणून तिने लसूण लाल केला, मसाला ओतला, मिरची ओतली, आणि टोमॅटो, टोमॅटो, टोमॅटो. या घरात ताज्या कोलंबीला चिंचेचे एक बोटूक पुरे. टोमॅटो लागतो तो शिळेपण झाकायला. बर्फाचा वास बुडावा, बाजार बुडावा, ती रिकामी जागा बुडावी, म्हणून ती ढवळत राहिली, ढवळत राहिली.

ताट आले. पिवळ्या मंद दिव्याखाली आरक्त रस्सा. त्यात कोलंब्या पाठीत वाकलेल्या, जणू वाड्यातले सगळे म्हातारे नाखवे एकदम जेवायला आलेले.

नाखव्याने घास घेतला. थांबला. चांगुणेने पदराचे टोक मुठीत आवळले. आता उठेल, आता उठेल.

तो उठला नाही. दुसरा घास. तिसरा. आणि भरतीचे पाणी चिखलातल्या ओहळांत शिरावे तसे त्याच्या डोळ्यांतले पाणी सुरकुत्यांतून मिशीत उतरले.

"तिखट झालाय का वो?" तिने हळूच विचारले.

"हां," तो म्हणाला. "तिखटच."

बाहेर खरोखरीची भरती आली. काळे पाणी, कृष्णमंथर पाणी, त्या रिकाम्या जागेत शिरले. उचलायला काही सापडेना म्हणून जरा घुटमळले, आणि पसरत गेले.

ताटात नुसत्या शेपट्या उरल्या. नाखव्याने बोट चाटले.

"उंद्यापासून टमाटे जरा जास्त आनून ठेव गो."