उरली ती झिंदान

आमच्या कचेरीचे संगणक मी सांभाळते. सकाळी झरकिन-एजे, आम्हा सगळ्यांची थोरली ताई, माझ्या टेबलाशी आली. "बुरुल, माझा उन्हाळा कुठं गेला गं?"

म्हणजे यंदाची हिमनद्यांची मोजणी. पाचांपैकी चार नद्यांवर ती दुखऱ्या गुडघ्यांनी चढली होती, निवृत्तीआधी शेवटची. पाचवी, झिंदान, आमच्या साहेबानं, तोल्कुनबेक-आगायनं, स्वतःकडे घेतलेली. त्या आठवड्यात हा माणूस भाच्याच्या लग्नात नाचत होता, आणि झिंदानचे आकडे त्यानं माझ्यासमोर बसून, तळलेले बोरसोक चावत मनानंच भरले. मी गप्प राहिले, कारण वडीलधाऱ्यांना कोण बोलणार!

फोल्डरमध्ये फक्त झिंदान होती.

"एजे, मोजणीयंत्रांत असेल ना?"

"उतरवून घेतलं की यंत्र कोरं करायचं, नियम आहे ना तुमचा."

पहाटे आगायची सफाईची स्क्रिप्ट चालते. खऱ्या नोंदींच्या फायलींची नावं त्या-त्या नदीच्या मोठ्या इंग्रजी अक्षरानं सुरू होतात, कच्च्या फायलींची छोट्या. 'छोट्या एपासून छोट्या झेडपर्यंत' जे सापडेल ते पुसायचं.

"अकरा वर्षं चालतेय माझी स्क्रिप्ट," आगाय खेकसला. "तूच काही घोळ घातला असशील."

मी रिकाम्या फायली बनवून जुन्या युनिक्स संगणकावर स्क्रिप्ट चालवली. मोठी अक्षरं शाबूत राहिली. कालच सुरू केलेल्या नव्या लिनक्स संगणकावर चालवली, तर मोठा ए गेला, के गेला, सगळे गेले. राहिला एकटा मोठा झेड, झिंदानचा.

मग डोक्यात प्रकाश पडला. मंत्री येणार म्हणून आगायनं नवा संगणक किरगिझ भाषेत हवा असा हट्ट धरला होता. त्या भाषेच्या मांडणीत इंग्रजी अक्षरांचा क्रमही बदलतो: छोट्या एमागोमाग मोठा ए येतो, मग छोटा बी, मोठा बी. छोट्या झेडपाशी यादी थांबते तेव्हा मोठा झेड तेवढा बाहेर राहतो. मांडणी मीच बदलली होती, न तपासता. शी! स्वतःचीच किळस आली.

मी दोघांना सगळं सांगितलं. आगायनं मिशी पुसली.

"झिंदान आहे ना? मग अहवाल तिच्यावरच करू. आणि मोजणी करणारी म्हणून झरकिनचं नाव टाक. शेवटचं वर्ष आहे बिचारीचं, मान नको का द्यायला?"

याला लाज कशी ती नाहीच.

"आगाय, झिंदानवर पाय तरी ठेवलात का तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं. उन्हाळ्यातच विचारायला हवं होतं.

त्यानं चहा ठेवला आणि कळफलक स्वतःकडे ओढला. झरकिन-एजेनं पडद्यावर पाहिलं. खोट्या आकड्यांच्या वर तिचं नाव त्यानं स्वतःच टाईप केलं होतं.

"बुरुल," ती म्हणाली, "माझं खरं सगळं पुसलंस. आता एवढंही पूस."