नावेच्या कार्ब्युरेटरची अंघोळ

मित्रांनो, मी एक जुना पोलादी डबा आहे. वीज लावली की मी पाण्यात तुमच्या कानांना ऐकू न येणारा आवाज सोडतो. त्याने असंख्य बारीक बुडबुडे फुटतात आणि सुईही शिरणार नाही अशा भोकांतला मळ सुटतो. इतकं सरळ काम! पण तेही बिघडवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे तुमच्या अकलेबद्दल माझं मत फारसं बरं नाही.

माझ्या उमेदीच्या काळात इंजिनं दुरुस्त करणारे एक मास्तर मला वापरत. त्यांच्या फळीवर धुण्याच्या द्रावणाच्या तीन बाटल्या असत, लोखंडासाठी एक, पितळेसाठी एक आणि ॲल्युमिनियमसाठी एक. सुटा भाग हातात आला की ते आधी चुंबक लावत, वजन बघत, मगच एखादी बाटली उघडत. गिऱ्हाइकं चेष्टा करत, "मास्तर, धुताय की औषध देताय?" ती गिऱ्हाइकंही दिव्यच होती. पण काम बघून माझीही पाठ थोपटत.

पुढे मास्तरांची दृष्टी गेली आणि दुकान जावईबापूंकडे आलं. जावईबापूंना सगळं येत असे, न विचारताच. त्यांनी तिन्ही बाटल्या उचलून टाकल्या आणि तुंबलेली मोरी उघडायची पावडर आणली. सगळ्याला तीच!

एके दिवशी नाववाल्या काकू आल्या. पलीकडच्या काठावरच्या मुलांना त्या रोज शाळेत पोहोचवत. नावेच्या इंजिनाचा कार्ब्युरेटर चोंदला होता.

"आज होईल ना? उद्यापासून पोरांची परीक्षा आहे."

"काकू, दहा मिनिटं बसा!"

माझ्यात गरम पाणी, दोन मुठी पावडर, त्यात ॲल्युमिनियमचा कार्ब्युरेटर आणि बटण चालू. लगेच फेस उसळला. जावईबापू खूश! "बघा, मळ कसा उकळून निघतोय!"

मळ कसला! तो धातूच विरघळत होता.

फेसाची फसफस ऐकून मास्तरांची मुलगी बाहेर आली. "अहो, काय ओतलंत हे?"

"पावडर. धातू तो धातू, त्यात काय एवढं?"

"बाबा आतच बसलेत. एकदा विचारायचं तरी!"

तिने बटण बंद करून चिमट्याने तो भाग काढला. काळाठिक्कर पडलेला, तोंडाच्या कडा खाल्लेल्या. तसला भाग आता कुठे मिळत नव्हता.

"डबा जुना झालाय," जावईबापू म्हणाले. "त्यानेच खाल्लं."

काकूंनी तो भाग पदरात गुंडाळला. "वल्ही आहेत घरी," एवढंच म्हणाल्या. "पोरांना तासभर आधी बोलवावं लागेल."

जावईबापूंची मला किळस आली, अजूनही येते. पण खोटं कशाला बोलू? खाल्लं ते पावडरीने, आणि मी तिला जीव तोडून मदत केली. मास्तरांकडे जसा थरथरत होतो, तसाच तेव्हाही थरथरलो. मला थांबता येत नाही, नाही म्हणता येत नाही. म्हणून सांगतो, आमच्यात काही ओतण्याआधी हातातला धातू कोणता ते बघा. कळत नसेल तर जाणत्याला विचारा. तुमच्या दहा मिनिटांपायी त्या काकू आता पहाटे उठून नाव वल्हवताहेत.