माझ्या पाठीतली झणझण

मित्रांनो, बास गिटारची जाड तार छेडली, तर तिचा आवाज कुजबुजीएवढाच येतो. ती कुजबुज देवळाच्या अंगणभर पोचवायची, हे माझं काम. मी बास गिटारचा ॲम्प्लिफायर. आता बराच जुना झालो आहे.

तुंगकांग नावाच्या मासेमारीच्या बंदरात मिंगछुआन नावाच्या तरुणानं मोडक्या होडीच्या फळ्या जोडून माझी पेटी केली. बंद पडलेल्या सिनेमागृहातला स्पीकर माझ्या छातीत बसवला आणि वायर गुंडाळून ठेवायला पाठीत एक उघडा कप्पा ठेवला. मग त्या कप्प्यात नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा एक हिरवा पुडा सरकवून तो म्हणाला, "शहाण्यासारखा वाग हं!" आमच्याकडे यंत्र रुसू नये म्हणून असा पुडा ठेवतात. तो हिरवाच हवा, आणि कुणी खायचा नाही.

मी शहाण्यासारखा वागलो. लग्नांत वाजलो, जत्रांत वाजलो. माझा पहिला सूर निघाला की मांडवातल्या म्हाताऱ्यांच्या चहात तरंग उठत, आणि ते म्हणत, "हा पोटातून बोलतो रे!"

मग मिंगछुआन ट्यूना पकडणाऱ्या मोठ्या जहाजावर गेला. जाताना धाकट्या बहिणीला म्हणाला, "बिफेंग, याला सांभाळ. परत येईन तेव्हा याच्यावरच वाजवीन." बिफेंग गिटार शिकली आणि वाद्यवृंदात भावाच्या जागी उभी राहिली. मला बर्फाच्या कारखान्याशेजारच्या खोलीत ठेवलं. सुपारी असली की दार उघडायचं. एरवी भिंतीपलीकडे बर्फाच्या यंत्राची धडधड आणि अलीकडे मी. भरती येई, भरती जाई, दाराची कडी हलत नाही.

अशातच माझ्या अंगात झणझण शिरली. आपली पाठ आपल्याला कुठं दिसते? मलाही कळेना. वाद्यवृंदातलं कुणी ना कुणी येई, "काय रे, रुसलास?" म्हणे, कप्प्यात एक नवा पुडा खुपसे आणि दार ओढून निघून जाई. झणझण मात्र वाढतच गेली.

बंदराची राखण करणाऱ्या राजदेवांच्या जत्रेच्या आदल्या दिवशी तालमीत मी पुन्हा झणझणलो. ढोल वाजवणारा चिंगफा आमच्या वाद्यवृंदाचा मुख्य. त्यानं काठ्या खाली टाकल्या.

"बिफेंग, हा तुझा डबा गातो की खोकतो? राजदेव नावेतून परत जाणार, त्या नावेला निरोप द्यायचा, आणि मागं हे कण्हणं? उद्या सकाळी भंगाराची गाडी येईल, देऊन टाक."

"दादाचा आहे तो, चिंगफाभाऊ."

"दादा समुद्रावर, आणि झणझण माझ्या कानात!"

बिफेंगनं खाली पडलेल्या काठ्या उचलून त्याच्या हातात दिल्या. मग म्हणाली, "संध्याकाळपर्यंत थांबा. झणझण कुठून येते ते नाही सापडलं, तर मीच याला उचलून गाडीत ठेवीन."

तिनं वायर बदलली. दिव्यांच्या विजेमुळं होत असेल म्हणून दिवे बंद केले. माझे स्क्रू आवळले. शेवटी शेजारी जाऊन बर्फाचं यंत्र थोडा वेळ थांबवण्यासाठी गयावया केली. आतून बर्फवाला ओरडला, "अगं बाई, मासे नासले तर तुझ्या गाण्यानं ताजे होणारेत का? चल, घटकाभर थांबवतो!" धडधड थांबली. तिनं तार छेडली. झणझण होतीच.

उन्हं कलली. मला दारातून रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यानंच गाडी येणार होती.

मग बिफेंगनं एकेक सूर सावकाश वाजवून पाहिला. गप्प, गप्प, गप्प. आणि एका खोल सुरावर मी झणझणलो. त्या एकाच सुरावर!

"चिंगफाभाऊ, इकडे या. हा सूर वाजवत राहा."

"ढोलवाल्याच्या हातात गिटार? दिवस फिरले माझे!" असं म्हणत त्यानं तार छेडायला सुरुवात केली.

ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिनं माझ्या छातीवर तळवा ठेवला, मग कुशीवर, मग पाठीवर. किती काळानं मला कुणी असा हात लावत होतं! तिचा हात कप्प्यात शिरला, पुड्यांवर दाबला गेला, आणि झणझण थांबली.

हात काढला, झणझण सुरू. हात ठेवला, बंद.

तिनं पुडे बाहेर ओढले. चकचकीत, चुरगळलेले, एकावर एक कोंबलेले. त्या सुरावर तेच थरथरत होते. चिंगफा गिटार धरून ओशाळला.

"यातले बरेचसे माझेच गं. हा कण्हायला लागला की मी आणखी एक आणून ठेवायचो."

"आणि हा आणखी कण्हायचा!" बिफेंग हसत सुटली. हसता हसता तळाचा पुडा तिच्या हाती लागला. रंग उडून पांढुरका झालेला, मिंगछुआननं ठेवलेला. तिचं हसू विरलं. तो तिनं ठेवा जपावा तसा पिशवीत ठेवला.

"बाकीचे घरी न्या, चिंगफाभाऊ. कपडे धुण्याच्या यंत्रापुढं ठेवा."

"ते तर माझ्या बायकोपेक्षा जास्त रुसतं!"

दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि दारावरून पुढे गेली. राजदेवांच्या नावेला मी स्वच्छ, खोल सुरात निरोप दिला.

आता पुन्हा खोली आहे आणि भिंतीपलीकडची धडधड. मिंगछुआन अजून परतलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी कण्हत असेल, यंत्र असो की माणूस, तर पुढ्यात खाऊ ठेवून निघून जाऊ नका. जवळ बसा. हात ठेवून पाहा, कुठं दुखतंय ते.

बिफेंग आता पुडा आणत नाही. दार ओढण्याआधी ती माझ्या पाठीवर क्षणभर तळवा टेकते. त्या उबेवर मी पुढच्या जत्रेपर्यंत राहतो.