सुटेना

दुकानदाराला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारं त्या गल्लीत आता कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांचा तो 'सुटेना'. दुकान खिळे, स्क्रू, कड्या, कुलपं आणि नळांचं, आणि गल्ल्यावर बसलेल्या या गृहस्थाचं ठरलेलं वाक्य एकच, "सुटे नाहीत." गिऱ्हाइकानं नोट पुढे केली रे केली की हे वाक्य आधी आणि 'काय हवंय' नंतर. सव्वीस वर्षांत लोकांनी ते बोलून बोलून झिजवलं आणि त्याचं 'सुटेना' झालं. एकदा एक नळवाला धापा टाकत दुकानात शिरला आणि ओरडला, "सुटेना!" हा म्हणाला, "बोला." नळवाला म्हणाला, "तुम्ही नाही हो, नट! नळाचा नट सुटेना." यानं त्याला गंज सोडवायचं तेल विकलं आणि परत द्यायच्या दोन रुपयांऐवजी चार वॉशर त्याच्या हातावर ठेवले.

वॉशर म्हणजे बोल्टखाली घालायची ती भोकाची चकती. दुसरे दुकानदार सुट्यांऐवजी गोळी देतात, निदान तोंड तरी गोड होतं. हा वॉशर द्यायचा. त्यामुळे गल्लीतल्या घराघरात वॉशरची एकेक बरणी साठली होती, आणि बरणीभर वॉशरचं करायचं काय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंनी त्यांवर शिकवणीच्या मुलांना बेरीज शिकवली. त्यांच्या शेजारणीनं दोऱ्यात ओवून दाराला पडदा केला.

आता गंमत अशी, की सुटे होते. गल्ल्यात होते, खिशात होते, आणि दुकानामागच्या खोलीत तर इतके होते की विचारू नका. रंगाचे रिकामे डबे एकावर एक रचलेले, आणि प्रत्येक डबा नाण्यांनी काठोकाठ. किंमत म्हणाल तर दुकानाच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईएवढी, पण वजन म्हणाल तर पाहणाऱ्याची कंबर धरावी. नोटांचं त्याला काही नव्हतं. नोटा यायच्या, बँकेत जायच्या, त्यांचा माल यायचा. नाणं मात्र हातात आलं की मूठ आपोआप मिटायची. तोंड 'सुटे नाहीत' म्हणून मोकळं व्हायचं, आणि डोकं मागाहून पोचायचं.

याला कारण होतं. दुकान उघडलं त्या पहिल्याच आठवड्यात एका ठेकेदारानं मोठी नोट पुढे केली होती, आणि तेव्हा गल्ल्यात खरोखरच सुटे नव्हते. "सुटे ठेवता येत नाहीत, तर दुकान कशाला थाटलं?" असं चारचौघांत सुनावून ठेकेदार समोरच्या दुकानात गेला, तो गेलाच. तरण्या दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं. त्यानं कानाला खडा लावला, की पुन्हा म्हणून सुटे संपू द्यायचे नाहीत. आणि सुटे संपू द्यायचे नसतील तर सगळ्यात सोपा उपाय कोणता? ते कोणाला द्यायचेच नाहीत.

बायको शिवणकाम करायची. मशीन स्वयंपाकघरातल्या टेबलावर. जेवायच्या वेळी खाली उतरवायचं, जेवणं झाली की वर चढवायचं, असं बावीस वर्षं. आता तिची नजर अधू होत चालली होती. स्वयंपाकघरात उजेड कमी, सुईत दोरा जाता जाईना, आणि भरपूर उजेडाची खिडकी अख्ख्या घरात एकच, मागच्या खोलीतली. ती डब्यांच्या वाट्याला गेली होती. तिनं आधी गोडीनं सांगितलं, मग चिडून सांगितलं, मग अबोला धरून सांगितलं. शेवटी एका सोमवारी ती अगदी शांतपणे म्हणाली,

"शनिवारी चारच्या गाडीनं मी ताईकडे चाललेय. मशीन घेऊन."

"किती दिवसांसाठी?"

"मशीन घेऊन, म्हटलं ना."

अख्खी गल्ली त्याला सुटेना म्हणायची; 'अहो' म्हणणारी तेवढी ती एकटीच होती.

तेव्हा खोली रिकामी करायचं त्यानं अगदी मनापासून ठरवलं. मंगळवारी ठरवलं, बुधवारी ठरवलं, गुरुवारी आणि शुक्रवारीही ठरवलं. शनिवारी दुपारी, टेम्पो दारात येऊन उभा राहिल्यावर, तो एकदाचा खोलीत शिरला. पहिला डबा उचलला, दारापर्यंत नेला आणि परत आणून ठेवला. तीनदा असं झाल्यावर त्याला एक नामी युक्ती सुचली. दाराशेजारी लोखंडी रॅक होताच. सगळे डबे त्यावर थेट छतापर्यंत चढवले, तर खिडकीखाली मशीनपुरती जागा सहज निघेल! खोली रिकामी नाही झाली तरी उंच तर होईल. त्यानं दार आतून लोटून घेतलं, दारामागची जागासुद्धा वापरली आणि घाम गाळत शेवटचा डबा वर सरकवला. मग खिडकीशी जाऊन, कमरेवर हात ठेवून, स्वतःवर खूश होत रॅककडे पाहिलं.

रॅक त्यानं स्वतः जोडला होता. बोल्ट होते, नट होते. वॉशर नव्हते. वॉशर सगळे गल्लीला वाटून झाले होते, आणि स्वतःच्या रॅकला नवे घालायचं जिवावर आलं होतं. वॉशरशिवायचे ते बोल्ट एकेक करून पत्र्यातून आरपार निघाले, रॅकनं मान टाकली, आणि असा काही आवाज झाला की टेम्पोवाल्यानं खाली वाकून आधी आपली चाकं तपासली.

धूळ बसली. एक नाणं बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं आणि मग तेही आडवं झालं. सुटेना गुडघाभर नाण्यांत उभा होता, साधं खरचटलंही नव्हतं. पण रॅक दारावर आडवा पडला होता, त्यावर डबे, आणि डब्यांवर नाण्यांचा ढीग. दार आत उघडणारं. त्यानं कडी धरून ओढली, पुन्हा ओढली आणि मग बोंब ठोकली, "सुटेना! सुटेना!"

बाहेरून बायकोचा आवाज आला, "अहो, तुम्हाला कोणीतरी हाक मारतंय!"

"मीच मारतोय!"

"स्वतःलाच?"

"दार, अगं, दार सुटेना!"

समोरचा सुतार धावत आला. त्यानं दाराला कान लावला, दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "फोडावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"दाराला हात लावायचा नाही," बायको एकदम म्हणाली. "माझ्या खोलीचं दार आहे ते!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आत त्यानं कडी सोडली. मशीन टेम्पोत चढलेलं, गाडी चारची, आता वाजलेत सव्वातीन, आणि हिनं मनात ती खोली केव्हाच स्वतःची करून टाकलेली! पडदे कोणते लावायचे हेसुद्धा ठरलं असेल. त्याला इतकं भरून आलं की तो पटकन एका डब्यावर बसला. डबा कलंडला.

"मग आतला पसारा बाजूला सारा," सुतार म्हणाला.

"बाजू आहे कुठे इथे?"

"मग खिडकीतून टाका बाहेर!"

खिडकी शेजारच्या बोळात उघडायची, छातीएवढ्या उंचीवर, गजांची. सुटेनानं खाली वाकून मूठभर नाणी घेतली आणि हात गजांतून बाहेर काढला. बोळात एव्हाना लोक जमलेच होते, पुढे मास्तरीणबाई; सुतार आणि बायकोही वळसा घालून तिथे आली होती. हात बाहेर, मूठ बाहेर, सगळं झालं, पण मूठ उघडेना. त्यानं जन्मात पहिल्यांदा आपल्या मुठीकडे नीट पाहिलं. बोटं पांढरी पडली होती, अंगठा वरून कुलपासारखा बसला होता. तो मनात 'उघड, उघड' म्हणत होता, आणि ती मात्र परक्याची असल्यासारखी ढिम्म. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते कोणी या मुठीला सांगून ठेवलं होतं कोण जाणे.

मास्तरीणबाईंनी बाहेरून विचारलं, "काय हो, काय आहे मुठीत?"

आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "सुटे नाहीत."

बोळात हास्याचा स्फोट झाला. सुतार भिंतीला टेकून हसला, मास्तरीणबाई पदराला डोळे पुसत हसल्या, बायको हसू दाबता दाबता खोकायला लागली. सुटेना आधी ओशाळला, मग त्याच्याच तोंडून फुटाणा फुटल्यासारखा आवाज आला, आणि मग तो जो हसत सुटला तो थांबेचना. पोट धरून हसणाऱ्या माणसाला मूठ आवळून धरता येत नाही. खात्री नसेल तर करून बघा. मूठ उघडली, आणि नाणी खणखणत बोळात पडली.

पहिल्या मुठीला त्याचा जीव तुटला. दुसरीला नुसती हळहळ वाटली. प्रत्येक खेपेला आधी बोटं आवळायची, मग 'उद्या लागले तर?' हा विचार यायचा, आणि मग हात सैल व्हायचा. सातव्या-आठव्या मुठीला त्याला ही सगळी वरात एकामागून एक येताना स्पष्ट दिसायला लागली. रोजच्या गिऱ्हाइकाला ओळखावं तसा तो त्या विचाराला ओळखायला लागला. आलास? ये, बस, मला जरा काम आहे. पुढे मुठी मोजायच्याच राहिल्या. त्यानं डब्याचं झाकण घेतलं, मग अख्खा डबा गजांशी तिरका धरून ओतला.

"घ्या! मास्तरीणबाई, तुमचे साडेतीन! सुतार, तुमचे दोन, आणि ते परवाचे एक!"

"माझे सात होते!"

"मग सात घ्या, चौदा घ्या, टोपलीच आणा!"

लोकांनी बादल्या आणल्या, टोपल्या आणल्या, एकानं छत्री उलटी करून धरली. आणि घेतल्यावर फुकटचं नको म्हणून लोक आपापल्या घरून वॉशरच्या बरण्या घेऊन आले. एका आजोबांनी तर मोठ्या उत्साहानं बरणी खिडकीतून आत उपडी केली.

"अहो, आत नको, आत नको!" सुटेना किंचाळला. "दुकानात ठेवा!"

साडेतीन वाजून गेल्यावर सुतारानं खांदा लावला, दार करकरलं, हातभर उघडलं, आणि तो ओरडला, "सुटलं!" अख्खा बोळ ओरडला, "सुटलं!" सुटेना फटीतून बाहेर आला तो धुळीनं पांढरा, घामानं ओला आणि अजून हसतच. उरलेले डबे लोकच उचलायला लागले आणि हा दाराशी उभा राहून "न्या हो, न्या!" करत राहिला. त्या तारेत त्यानं दुकानातला गल्लासुद्धा आणून मास्तरीणबाईंच्या टोपलीत झटकला आणि वर दोन्ही खिसे उलटे केले.

बायको टेम्पोशेजारून आली. तिनं खोलीत डोकावून पाहिलं. बावीस वर्षांत न दिसलेली पलीकडची भिंत दिसत होती, आणि तिच्यावर खिडकीचा उजेड पार कोपऱ्यापर्यंत पोचला होता. ती आत गेली आणि तिनं त्या भिंतीवरून हात फिरवला. तो दाराशीच थांबला. या घटकेला बोलायला गेलो तर काहीतरी भलतंच बोलून बसू, एवढं त्याला कळत होतं.

"उतरवा," ती टेम्पोवाल्याला म्हणाली.

"आत्ताच तर चढवलं!"

"उतरवा हो."

मशीन खिडकीखाली बसलं. तिनं स्टूल ओढलं, रीळ लावलं, दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं आणि सुईशी नेलं. पहिल्या झटक्यात दोरा आरपार. तिनं मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि अशी हसली, की त्याला सगळे डबे पुन्हा भरून पुन्हा ओतावेसे वाटले.

टेम्पोवाला मात्र दारात ताटकळत होता. चाळीस त्याचे झाले होते. तिनं शंभराची नोट काढली. तो मान हलवत म्हणाला, "माझ्याकडे नाहीत. सुटे द्या ना."

टोपल्या-बादल्या घरी ठेवून बोळात परतलेली माणसं अजून पांगली नव्हती. सगळ्यांचे कान टवकारले.

"अहो," ती म्हणाली, "सुटे आहेत का?"

त्यानं खिशात हात घातला. खिसे अजून उलटेच होते. गल्ला रिकामा होता. खोली रिकामी होती. ज्या दिवसाची त्यानं सव्वीस वर्षं धास्ती घेतली होती तोच हा दिवस, चारचौघांत, समोर नोट, आणि हातात दमडी नाही. त्यानं वाट पाहिली, की आता तोंड पुन्हा एवढंसं होईल. झालं नाही. उलट पुन्हा हसूच यायला लागलं.

"सुटे नाहीत," तो म्हणाला.

टेम्पोवाल्यानं डोळा मिचकावला. "ह्यांचं काय, नेहमीचंच आहे."

"नाही," ती म्हणाली, आणि शंभराची नोट तिनं टेम्पोवाल्याच्या हातावर ठेवून दिली. "ते नाहीत म्हणताहेत ना, म्हणजे नाहीत."