दाजींचं गाऱ्हाणं

सात सामने, सात पराभव. बहरीनमध्ये नव्याने निघालेल्या या पगारी अमेरिकन फुटबॉल संघाने हरण्यात तरी सातत्य राखलं होतं. संघाची बस कणकवलीचे दाजी चालवत आणि त्यांचा मुलगा विनीत संघात खेळे. हेल्मेट घातलेली धिप्पाड पोरं एकमेकांवर का आदळतात, हे दाजींना अजून कळलं नव्हतं.

म्हणूनच प्रत्येक सामन्याआधी तुबली भागातल्या गॅरेजात ते बसच्या चाकापाशी नारळ ठेवून गावच्या रवळनाथाला गाऱ्हाणं घालत : पोरांचे हातपाय शाबूत ठेव. गावी अशा वेळी जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे तेही दाजीच म्हणत. देवाने शब्द पाळला, कुणाचं बोटही मोडलं नाही. जिंकायचंही आहे, हे मात्र देवाच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं.

आठवा सामना शेवटचा. हरले तर मालक संघ बंद करणार होता.

"बाबा, आज विन माग ना," विनीत गॅरेजात येऊन म्हणाला. "ओन्ली विन."

"आणि हातपाय?"

"आय विल मॅनेज."

एका नारळावर एकच मागणं, ही दाजींच्या वडिलांची शिस्त. दाजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका आज..."

समोर विनीतचा गुडघा होता. इथल्याच झिंज भागातल्या घराच्या जिन्यावरून तो लहानपणी पडला होता, त्याचा व्रण अजून दिसत होता. दाजींची जीभ वळेना.

"...शाबूत घराक येवंदे रे म्हाराजा."

विनीत बसमध्ये जाऊन बसला.

शेवटच्या मिनिटाला त्याने चेंडूसाठी झेप घेतली आणि समोरच्या संघातले तिघे त्याच्यावर कोसळले. चेंडू सुटला. सामना गेला, संघही गेला. ढीग उठला तेव्हा त्या तिघांतल्या एकाचा पाय भलतीकडेच वळला होता. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. विनीत बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला.

गॅरेजात परतल्यावर दाजींनी नारळ उचलला. पोराचं स्वप्न आपणच घालवलं, हे त्यांना खात होतं. तरी मागितलेलं मिळालं होतं, तेव्हा नारळ फोडणं भाग होतं.

"पोरां शाबूत इली रे म्हाराजा," ते हळूच म्हणाले, आणि सवयीने पुढचं म्हणायला तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा," मागून विनीत म्हणाला.