दोन्ही बाजू

उकडलेल्या अंड्याचं टरफल सुटत होतं, पण आतला पापुद्रा चिकटून बसला होता. नखानं ओढला की पांढरा लचका सोबत यायचा... आणि त्या टवके उडालेल्या अंड्याकडे बघत सिग्नीला वाटत होतं की खाण्याऐवजी हे असंच हातात धरून बसावं, वर्ग सुरू होईपर्यंत, किंवा त्यानंतरही. बाहेर बर्फ पडत नव्हता. नुसता होता — नोव्हेंबरपासून होता, पार्किंगच्या कडेला ढीग होऊन, खाणीच्या धुळीनं तांबूस झालेला. कॉलेजनं तिघांत मिळून दिलेल्या या खोलीत गणिताचा माणूस सकाळी यायचा नाही, आणि इंग्रजीची बाई यंदा आलीच नव्हती. तत्त्वज्ञान आणि धर्म ही दोन्ही खाती मिळून एकटी सिग्नी. मुलं यायची ती वेल्डिंग शिकायला, नर्सिंग शिकायला. पदविकेसाठी असला एखादा विषय घ्यावाच लागतो म्हणून तिच्यापुढे बसायची, डोक्यावरच्या टोप्या न काढता.

दारावर टकटक झाली. रेनो लाहती. खाण बंद पडल्यावर पन्नाशीत वेल्डिंग शिकायला आलेला, आणि नीतिशास्त्राच्या वर्गात आपणहून पहिल्या बाकावर बसणारा एकटाच.

"आर्वो गेला," तो म्हणाला. "शनिवारी."

तिनं अंडं रुमालावर ठेवलं. "बसा," ती म्हणाली. तो बसला नाही.

आर्वो म्हणजे त्याचा थोरला भाऊ... गेल्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर रेनो फळ्याजवळ थांबला होता आणि त्यानं सगळं सांगितलं होतं, एखाद्या यंत्रातला बिघाड सांगावा तसं, क्रमानं. छपरावरचा बर्फ काढायला आर्वो वर चढला, घसरला, डोक्यावर पडला. आता मशीन श्वास घेतंय. डॉक्टर म्हणतात आत काही उरलेलं नाही. लग्न केलं नाही त्यानं, तेव्हा ठरवायचं ते मलाच. "मॅडम, मशीन काढलं तर ते मारणं की मरू देणं? तुम्ही शिकवलंत ना परवा." आणि त्या क्षणी — हे तिनं स्वतःपासूनही लपवायचा प्रयत्न केला होता — सिग्नीला आनंद झाला होता. कुणीतरी विचारलं होतं! मग ती बोलली होती, हातात मार्कर तसाच धरून, चांगली पंधरा मिनिटं. काहींच्या मते मशीन काढणं ही कृतीच, तेव्हा जबाबदारी काढणाऱ्याची. काहींच्या मते मारतो तो आजार, माणूस फक्त आडवा यायचं थांबतो. दोन्ही बाजूंना वजन आहे. वाद मिटलेला नाही.

"म्हणजे नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला होता.

"नाही. प्रामाणिकपणे सांगायचं तर, नाही."

त्यानं मान हलवली होती. पटल्यासारखी.

"आज दुपारी आम्ही जमतोय," आता तो म्हणाला. "जमीन गोठलीय, त्यामुळे पुरायचं ते मे महिन्यात. पण चार शब्द कुणीतरी बोलायला हवेत. मी म्हटलं, तुम्हाला विचारावं."

"रेनो, मी पाद्री नाही."

"म्हणून तर. पाद्र्याला आर्वो दारातच उभं करायचा. एकदा म्हणाला, देवाचं मागनं बघू, आधी हे फावडं धरा." रेनोच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते मध्येच थांबलं. "तुम्ही धर्म शिकवता. सगळेच शिकवता. त्यातलं काहीतरी असेल की."

काहीतरी असेल की... तिला नाही म्हणता आलं नाही.

वर्गात ती नेहमीसारखी बोलत राहिली. खिडकीजवळच्या टेसानं हात वर केला. "मॅडम, हे परीक्षेला आहे?"

"आहे."

"मग उत्तर काय लिहायचं?"

"दोन्ही बाजू लिहायच्या."

"आणि बरोबर कुठली?"

"लिही ना दोन्ही," मागून कुणीतरी म्हणालं, "एकीचे तरी मार्क पडतील."

वर्ग हसला. सिग्नीही हसली, सवयीनं. पहिल्या बाकावर रेनो हसला नाही. भाऊ जाऊन चार दिवस झालेले, आणि तो येऊन बसला होता, ऐकत होता.

दुपारी गाडी चालवताना तिनं मनात जुळवाजुळव केली. कुणाकुणाचे काय काय विचार आहेत मृत्यूवर... नदी समुद्राला मिळते असं म्हणणारे, दिव्यावरून दिवा लावावा असं म्हणणारे, आपण असतो तेव्हा तो नसतो असं म्हणून हात झटकणारे. सगळं तिला पाठ होतं. त्यातलं एकही तिचं नव्हतं. वडील पाद्री होते तिचे, याच खाणीच्या पट्ट्यात, तीन गावं सोडून. ती पंधराची असताना एका बाईला पोचवून ते घरी आले आणि ओले बूट काढत बसले, तेव्हा तिनं विचारलं होतं, बाबा, ती खरंच देवाकडे गेली? "मला काय ठाऊक, बाळ," ते म्हणाले होते, आणि दुसरा बूट काढू लागले होते. आणि तासापूर्वी त्याच तोंडानं... तिनं त्या संध्याकाळी ठरवून टाकलं होतं की आपल्याला ठाऊक नाही ते आपण कधी बोलायचं नाही. पुढचं सगळं, शिक्षण, नोकरी, ही खोली, त्या एका ठरवण्यातून आलं होतं. मी निदान खोटं बोलले नाही, असं ती स्वतःला सांगायची. सांगायला दुसरं फारसं नव्हतंच.

अंत्यविधीवाल्यांच्या दुकानातल्या मागच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती. जुन्या खाणीतले, जड हातांचे, दोन शेजारणी, रेनोची म्हातारी मावशी आइली. टेबलावर वेलदोड्याचा पाव आणि कॉफीची किटली. सिग्नी उभी राहिली. नदीचं वाक्य तयार होतं, तिनं तोंड उघडलं — आणि वडिलांचा आवाज बाहेर आला. आर्वो कुणाच्या हातात आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ती म्हणाली. त्याचं ओझं उतरलंय. ज्यानं त्याला या थंडीत पाठवलं तोच त्याला उबेत घेऊन गेलाय, आणि आपली त्याची गाठ पुन्हा पडणार आहे. कुठेही अडखळायला झालं नाही. शब्द इतक्या वर्षांत जराही गंजले नव्हते, एकामागून एक येत होते, आणि खोलीतले खांदे सैल पडत होते, हे तिला दिसत होतं. आत मात्र काही हललं नाही. मी बोलतेय, तिला वाटलं, आणि इथे कुणीही नाही.

मावशीनं तिचे दोन्ही हात धरले. "पोरी, बरं वाटलं गं. फार बरं वाटलं."

कोट अडकवले होते तिथे रेनो तिच्यामागून आला.

"तो लगेच गेला नाही, मॅडम," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मशीन काढल्यावर संध्याकाळपर्यंत आपला आपण श्वास घेत होता. मी शेजारी बसून होतो. म्हटलं, परत लावा म्हणावं का... म्हणालो नाही. डोक्यात तेच. मारणं की मरू देणं."

"तू त्याला मारलं नाहीस." पहिल्यांदाच ती त्याला अरेतुरे करत होती, आणि तिच्या ते ध्यानातही आलं नाही. "ऐक माझं, रेनो. नाही मारलंस."

तो तिच्याकडे बघत राहिला. राग नव्हता त्यात. वर्गात बघायचा तसाच.

"गेल्या आठवड्यात म्हणालात, नक्की सांगता येत नाही."

"तेव्हा मी वर्गात..."

"मधे काही नवीन कळलं का?"

टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. असेल काही नवीन तर ऐकायची तयारी ठेवून, डोळे तिच्या तोंडाकडे लावून तो थांबला होता. आता खोटं बोलायला हवं होतं. आत पंधरा-वीस जणांपुढे ती घडाघडा बोलली होती, इथे एकच शब्द पुरला असता... तो येईना. रेनोपुढे तो येईना.

"नाही," ती म्हणाली.

"हं." त्यानं मान हलवली. "मग आहे तसंच म्हणायचं." आणि तिचा कोट खुंटीवरून काढून त्यानं तिला घालता यावा असा मागे धरला. "आत छान बोललात हां. मावशीला बरं वाटलं. परवा भेटू वर्गात."

गाडीचं इंजिन तापेपर्यंत ती काच पुसत राहिली. आत माणसं कॉफी घेत होती, कुणीतरी हसलंसुद्धा. त्या सगळ्यांना तिचं खोटं पोचलं होतं, त्यांना त्याची ऊब लागली होती. ज्याच्यासाठी ती बोलली तो तेवढा बाहेर राहिला होता, कारण त्याला तिनं शिकवलं होतं. मन लावून शिकला होता तो. माझ्याकडे जे होतं ते मी त्याला दिलं, तिला वाटलं, आणि आता तो ते घेऊन घरी जाईल, स्वयंपाकघरात एकटा बसेल, एकदा ही बाजू धरून बघेल, एकदा ती... ठाऊक नाही. हा शब्द तिनं एवढी वर्षं जपला होता, त्यात ती राहिली होती, आणि तो दुसऱ्या कुणाला राहायला दिला तर काय होतं हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. वडिलांनी बघितलं असेल का? म्हणून 'ठाऊक नाही' हे फक्त घरी, बूट काढताना... पण तेही आता विचारायला कुणी नव्हतं.

परवा तो पहिल्या बाकावर बसेल. बाकीची मुलं तिचं बोलणं कानाआड करतील, टेसा परीक्षेला काय ते विचारेल, त्यांची काळजी नव्हती. तो ऐकेल. सिग्नीनं हातमोजे घातले, काढले. काच आतून पुन्हा धुरकट होऊ लागली होती, आणि ती वर्गात म्हणता येईल असं एखादं वाक्य शोधत बसली होती — कुणी ते मनापासून ऐकून घेतलं तरी त्याचं काही बिघडणार नाही असं, एखादंच.