अण्णासाहेबांचा टच-अप

पिंपरीच्या कंपनीत एकतीस वर्षं पेंट शॉपमध्ये काढलेल्या माणसाला उघडा पत्रा दिसला की त्याचे हात शिवशिवायला लागतात. अण्णासाहेब निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण ती खोड काही गेली नव्हती. पिंपळे गुरवच्या घरातल्या खिडक्यांचे गज, गॅलरीतल्या कुंड्या, बायकोच्या, चतुराबाईंच्या, शिलाई मशीनचं स्टँड, सगळं रंगवून झालं होतं. "आता तेवढं मला सोडा," असं त्या म्हणायच्या, ते काही उगाच नाही.

अशात त्यांच्या लेकीनं, मैत्रीनं, जुनी का होईना, पण स्वतःच्या कमाईची गाडी घेतली. अण्णासाहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला. पोरगी चाकणच्या कंपनीत क्वालिटी विभागात, पहिल्या शिफ्टला सहाच्या आत गेटावर हजर. पावसाळ्यात खालून गंज धरायला नको म्हणून त्यांनी पार्किंगमध्ये पुठ्ठा अंथरला आणि उताणं पडून गाडीच्या पोटाला ब्रशनं काळं कोटिंग मारलं. धुराचा पाइप तापतो म्हणून तो तेवढा सोडला. बाकी बोटभरही जागा सुटली नाही.

पंधरा दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी धक्के मारायला लागली, पेट्रोल दुप्पट प्यायला लागली. चिखलीच्या कुलदीपनं स्कॅनर लावून सांगितलं, धुराच्या पाइपावरचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय. कुलदीपच्या वडिलांनी शेतीचे प्लॉट पाडले तेव्हा राखलेल्या कोपऱ्यात त्याचं गॅरेज होतं. त्यानं नवा सेन्सर बसवला, दिवा विझला, मैत्री खूश झाली.

रविवारी अण्णासाहेब सहज गाडीखाली डोकावले. बघतात तर काय, एवढ्या काळ्याभोर कामात तो नवा सेन्सर उघडाबोडका चकाकतोय! रंगाऱ्याला सुटलेली जागा दिसावी आणि त्यानं गप्प बसावं, हे कसं व्हायचं? त्यांनी उरलेला डबा काढला आणि छानपैकी टच-अप मारून टाकला.

गुरुवारी दिवा पुन्हा लागला.

शनिवारी सकाळी बापलेक गॅरेजमध्ये पोचले तेव्हा मैत्रीचा पारा चढलेला होता. "नवा पीस चार दिवसांत जातो? डुप्लिकेट माल लावलात तुम्ही. आमच्याकडे असा सप्लायर एका दिवसात बंद होतो." मोबाइलवर गॅरेजच्या रिव्ह्यूत तिनं एक तारा देऊन भलामोठा मजकूर लिहूनही ठेवला होता. फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. तिच्या शब्दावर तिच्या कंपनीतले चौघं इथे गाड्या आणत होते. लहान गॅरेज असतं ते नावावर, आणि ते नाव आता एका बोटाखाली आलं होतं.

"ताई, पीस ओरिजनल हाय, खोकं बी ठेवलंय," कुलदीप म्हणाला. "पन आदी बघू तर द्या. नवा गेला तर का गेला, ह्ये कळाया पायजे."

त्यानं लॅपटॉप जोडला. चांगल्या सेन्सरची रेघ पडद्यावर सारखी वरखाली होत राहते. ही तळाशी आडवी पडली होती. त्यानं फ्यूज पाहिला, वायर ओढून पाहिली, पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी सोडून कुठे बुडबुडा येतोय का तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. मग बॅटरी घेऊन तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. मागोमाग अण्णासाहेबही उतरले, खालचं कोटिंग कसं टिकलंय ते बघायला.

उजेड सेन्सरवर पडला आणि कुलदीपचा हात थांबला.

"काका," तो हळूच म्हणाला, "ह्याला भाइरची हवा लागती. आतला धूर न् भाइरची हवा ताडून बघतो, तवा त्याला कळतं. हवा जायची वाटच रंगानं बुजलीया."

अण्णासाहेबांना सगळा उलगडा झाला. पहिला सेन्सरही त्यांनीच मारला होता, आणि दुसराही. कुलदीपनं त्यांच्या नखांत बसलेला काळा रंग पाहिला आणि नजर वळवली. ब्लेडनं त्यानं बेतानं रंग खरवडला, मग वर येऊन गाडी चालू केली. थोड्या वेळानं पडद्यावरची रेघ नाचायला लागली.

"काय होतं?" मैत्रीनं विचारलं.

"चूक माजीच हाय, ताई. बसवताना नीट बघितलं न्हाई मी. तुमी काय लिवायचं ते लिवा."

खड्ड्यातून वर येणारे अण्णासाहेब पायरीवरच थबकले. पेंट शॉपमध्ये साधा ओघळ आला तरी 'हा कुणाचा' म्हणून माणसं एकमेकांकडे बोट दाखवायची. दुसऱ्याचा डाग आपल्या अंगाला लावून घेणारा माणूस त्यांना एकतीस वर्षांत भेटला नव्हता. तो इथे, चिखलीत, हात पुसत उभा होता. त्यांना भरून आलं.

"खोटं बोलतोय तो," ते म्हणाले. "रंग मी मारला. दोन्ही वेळा."

मैत्रीनं मोबाइल खाली घेतला. आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसता डोळे भरले. साठी उलटलेला आपला बाप दोनदा थंड फरशीवर उताणा पडला होता, आपल्या गाडीसाठी. "पप्पा, एकदा विचारायचं तरी!" म्हणत तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग ती कुलदीपकडे वळली. "दादा, चुकलं माझं. पण तुम्ही का अंगावर घेतलंत?"

कुलदीप खाली बघत म्हणाला, "बापानं इतक्या मायेनं केलंया, ताई. त्येच्यापायी तेंची मान लेकीपुढं खाली जाया नको. गॅरेजला काय, नवं गिऱ्हाईक मिळंल."

अण्णासाहेबांनी दोन्ही हातांनी त्याचा ग्रीसनं माखलेला हात धरला. "तुझे लई उपकार झाले, बाबा," एवढंच त्यांना बोलता आलं.

मैत्रीनं जुना मजकूर पुसला, पाच तारे दिले आणि लिहायला लागली.

"थांब," अण्णासाहेब म्हणाले. "नुसतं गॅरेज चांगलं, असं लिहू नको. सेन्सर दोनदा कुणी बिघडवला तेही लिही. आणि माझं नाव घाल, पूर्ण. खाली लिही, पेंट शॉप, एकतीस वर्षं."

"अहो पप्पा, सगळं जग वाचेल!"

"वाचू दे की," ते म्हणाले, आणि तिनं नाव बरोबर लिहिलंय ना हे चष्मा लावून स्वतः तपासलं.